गाड्यातला ट्रम्पेट

बाबा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुमच्याशी धड भांडायला मला एकदाही निवांत वेळ मिळाला नाही. आज मिळालाय. घरात कोणी नाही, चहा घेऊन बसलेय, आणि मध्येच उठून चपला घालून निघून जायला तुम्हीही नाही. तेव्हा आधी तुमचं डोकं फिरेल अशी बातमी देते. तुमची मुलगी धरमपेठेत फुटपाथवर उभी राहून ट्रम्पेट वाजवते. आठवड्यातून चार दिवस, साडेपाच ते सात, साड्यांच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या पायरीजवळ. समोर ट्रम्पेटची पेटी उघडी ठेवलेली असते, येणारे-जाणारे तिच्यात पैसे टाकतात आणि मी ते घेते. डोक्यावर टोपी नाही, अंगात लाल कोट नाही. सुती साडी, पायात बूट, कारण चपलेवर इतका वेळ उभं राहवत नाही.

पहिल्याच दिवशी भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईने वाकून पेटीत वीस रुपये ठेवले आणि म्हणाली, "मस्त वाजवता हो ताई." बस, एवढंच. पुढची ओळ माझ्याकडून वाजलीच नाही. एकोणपन्नास वर्षांची बाई, नोकरीला लागलेल्या मुलीची आई, रस्त्यात डोळे पुसत उभी. त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी मला पाहिलं. घरी काही अडचण आहे का, असं त्यांनी आधी फार प्रेमाने विचारलं. मी नाही म्हटल्यावर लगेच सूर बदलला, "मंग काहून भीक मागून राहिल्या रस्त्यावर?" मी त्यांना म्हटलं, "काका, तुमच्या पोराच्या वरातीत तुम्ही बँडवाल्यावर नोटा ओवाळल्या ना, तवा थे भीक होती का?" ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत निघून गेले. बिनतोड उत्तर दिलं म्हणून चौकापर्यंत मी खुशीत चालत होते. मग आठवलं की त्या ओवाळलेल्या नोटा माझ्यावरून कधी ओवाळल्याच गेल्या नव्हत्या, आणि तिथून जो राग चढलाय तो अजून उतरलेला नाही.

हे सगळं आपल्या इतवारीतल्या स्वयंपाकघरात सुरू झालं. लग्नसराईत दर आठवड्याला बँडची पितळी वाद्यं घरी यायची आणि आई आणि मी ती चिंचेच्या कोळाने घासायचो. दुसऱ्यांच्या मुली तांबे-पराती घासत, मी ट्रम्पेट घासत होते. धुतल्यावर आत पाणी अडकतं, ते काढायला फुंकावं लागतं, आणि मी गरजेपेक्षा जरा जास्तच फुंकायचे. बाहेरच्या खोलीत तुम्ही दादाला शिकवत असायचात, रोज, चिडून, त्याच्या पाठीत धपाटे घालत. आत पोळ्या लाटता लाटता त्याचा धडा मला पाठ व्हायचा. मी पंधरा वर्षांची असताना एका दुपारी तुम्ही बँडच्या दुकानातून अवेळी जेवायला आलात. मी मोरीशी बसून दादाचाच धडा वाजवतेय आणि तुम्ही दारात उभे. मला वाटलं, आता मार बसणार. तुम्ही हातपाय धुतलेत, पाटावर बसलात आणि म्हणालात, "पुन्हा वाजव." वाजवलं. "अजून एकडाव." ताटातलं वरण गार होऊन गेलं.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही मला त्याच स्वयंपाकघरात शिकवलंत. दार लावून, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून ट्रम्पेटच्या तोंडात पंचा कोंबून. श्वास पोटातून घे, खांदे वर गेले तर समज की खोटा श्वास घेतला, हे तुमचंच. माझा ओठ फाटला की तुम्ही आईच्या नकळत तुपाची वाटी पुढे सरकवायचात. दादाला रोज धपाटे खाताना मी ऐकलंय, मला तुम्ही एकदाही हात लावला नाहीत. एकदा वरचा सूर नीट लागला तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात, बराच वेळ वळलाच नाहीत. ते दिवस चांगले होते, मी नाकारत नाही. म्हणून तर पुढचं मला गिळता येत नाही. माझ्या हातात काय आहे हे तुम्हाला कळलंच नसतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, कळलं नाही बिचाऱ्यांना. पण तुमच्याइतकं ते कोणालाच कळलेलं नव्हतं.

तुमच्या धंद्याची रीत लग्नवाल्यांना कधी ठाऊक नसायची. ते एकवीस माणसांचा बँड ठरवायचे आणि त्यात वाजवता यायचं नऊ-दहा जणांना. बाकीचे भरतीचे. लाल कोट चढवायचा, वाद्य तोंडाला लावायचं आणि गाल फुगवून चालायचं. त्यांच्याकडून चुकून आवाज निघू नये म्हणून तुम्ही माऊथपीसमध्ये कापडाचा बोळा बसवून द्यायचात. लहानपणी ते बोळे मीच करून देत असे, आणि मला त्याची गंमत वाटायची. मग मी सतरा वर्षांची झाले आणि तुम्ही एक बोळा दादाच्या माऊथपीसमध्ये बसवलात. त्याचा वरचा सूर लागत नव्हता, लागणारही नव्हता. पण बँडमास्तरचा मुलगा सगळ्यांच्या पुढे उभा राहणार हे ठरलेलं होतं, आणि मास्तरची मुलगी वरातीपुढे चालणार नाही हेही ठरलेलंच होतं. म्हणून तुम्ही मला भोंग्यांच्या गाड्यात बसवलंत. चारही बाजूंनी झालरीचा जाड पडदा, आत एक माईक, पाण्याची बाटली आणि मी. मे महिन्यातलं नागपूर आणि वर मखमल! पुढे दादा बटणांवर बोटं नाचवत चालायचा, तीही चुकीच्या बटणांवर. पण बटणांकडे पाहतो कोण? लोक कोटाकडे पाहायचे, त्याच्या टोपीवरून नोटा ओवाळायचे, नवरदेवाचे काका त्याच्या गळ्यात पडून नाचायचे. मला हे सगळं झालरीच्या फटीतून दिसायचं. जेवणं सुरू झाली की दादा लपवून गाड्यात जिलबी आणि मठ्ठा आणून द्यायचा आणि माझ्याकडे न बघता परत जायचा. तीन लग्नसराया मी अशा काढल्या.

आणि सदर बाजारातली ती दुपार. तुम्ही विसरला असाल तर मी आठवण करून देते. वरात भर रस्त्यात, आणि मागच्या हातगाडीवरचा जनरेटर एकाएकी बंद पडला. भोंगे मुके झाले. मला आत काय कळणार, मी वाजवतच राहिले. ट्रम्पेटला वीज लागत नाही, बाबा. आवाज भोंग्यांतून यायच्या ऐवजी गाड्याच्या पडद्यामागून यायला लागला आणि नाचणारे थांबून मागे वळले. दादा पुढे गाल फुगवून उभा. कोणीतरी ओरडलं, "अरे, आवाज इकडून येऊन राहिला! आत कोण आहे गा?" मी श्वास रोखला नाही, वाजवतच राहिले, कारण मला वाटलं, आता तुम्ही पडदा सारणार. खरंच वाटलं. आणि तुम्ही हसत हसत, मोठ्याने म्हणालात, "कोणी नाही हो, टेप आहे आत, टेप!" सगळी वीज गेलेली, भोंगे बंद, आणि टेप चालू! शंभर माणसांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही की अहो मास्तर, ही टेप चालते कशावर? विजेशिवाय टेप वाजते हे त्यांना पटलं. आत एखादी मुलगी असेल हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. मग तुम्ही पडद्याला तोंड लावून दबक्या आवाजात म्हणालात, "बंद कर वं." मी बंद केलं. बटण दाबल्यावर टेप थांबते तशी मधेच, अर्ध्या ओळीवर. तुमचं खोटं मीच खरं करून दिलं. त्या रात्री घरी तुम्ही आईला तो किस्सा सांगून हसलात, आईही हसली, दादा जेवला नाही. मी हसले की नाही ते मला आठवत नाही, आणि हसले असेन तर त्याचीही मला आज लाज वाटते.

वर्षभरात तुम्ही माझं लग्न ठरवलंत. सासरी जायच्या आदल्या दिवशी मला दुकानात बोलावलंत, पहिल्यांदाच. मला वाटलं, ट्रम्पेट देणार. भिंतीवर सात-आठ टांगलेले होते. तुम्ही माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवलात आणि म्हणालात, "आण घे मायी. गाड्यात कोण होतं थे कोणाले सांगायचं नाही. तुया भावाचं पोट आहे त्याच्यावर." मी आण घेतली. तुम्ही शिलाई मशीन दिलंत. चांगलं होतं, अजून चालतं. पण बाबा, भावाचं पोट होतं आणि माझं काय होतं? हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही, एवढाच माझा गुन्हा. दादा पुढे मास्तर झाला. मास्तरला काठी धरून नुसतं पुढे चालायचं असतं, वाजवावं लागत नाही. त्यामुळे पुन्हा कोणी त्याला वाजव म्हटलं नाही, आणि त्याचं नाव मात्र वाढत गेलं. असा हात नागपुरात दुसरा झाला नाही, असं मी इतवारीत भांडी घ्यायला गेले की म्हाताऱ्या दुकानदारांकडून ऐकलंय. दोन-तीनदा ऐकलं आणि दर वेळी मुकाट्याने पातेलं घेऊन घरी आले.

ट्रम्पेट मी दोन वर्षांपूर्वी घेतला. डीजेमुळे धंदा बसलेल्या एका बँडवाल्याचा. गच्चीवर वाजवला तर शेजाऱ्यांचं डोकं दुखायला लागलं, म्हणून रस्त्यावर आले, आणि रस्त्यावर कोणाचं डोकं दुखत नाही असं दिसतंय. परवा, गुरुवारी, तिथे दादा आला. पलीकडच्या फुटपाथवर उभा होता, मी संपवेपर्यंत. केस सगळे पांढरे झालेत त्याचे. आला, पेटीकडे पाहिलं आणि खिशातून एक पत्रिका काढली. उद्या इतवारीतले सगळे जुने बँडवाले मिळून त्याचा सत्कार करताहेत. पत्रिकेवर त्याचा तरुणपणीचा फोटो आहे, लाल कोटातला, ट्रम्पेट ओठाला लावलेला. बोळा त्यात दिसत नाही.

तो म्हणाला, "तू ये. अन् थे घेऊन ये, वाजव तिथं."

मी म्हटलं, "तुया सत्काराले मी वाजवू? पुन्हा?"

"माया मागं नाही वं. स्टेजवर. मी सांगतो सगळ्यायले. टेप नव्हती, मायी बहीण होती, असं सांगतो." त्याने पत्रिकेची घडी घातली. "मले होत नाही आता. तीस वर्षं झाली, लोक पाया पडतात माया."

माझ्यासमोर रस्त्यात उभं राहून, स्कूटरच्या हॉर्नमध्ये, त्याने एका मिनिटात ते केलं जे तुम्हाला जन्मभर जमलं नाही. आणि मी काय म्हटलं असेल? तीस वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट तो हातावर ठेवत होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "नको दादा. बाबाचं नाव खराब होईन." मी पेटी बंद केली, पैसेही न काढता, आणि घरी आले. दोन दिवस मी स्वतःला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्ही जिवंत असताना तुमचं नाव मी सांभाळलं, मेल्यावरही मीच सांभाळतेय, आणि माझं नाव सांभाळायला अख्ख्या घरात एक माणूस नव्हता. तुम्ही दुष्ट असतात तर बरं झालं असतं. तुम्ही घाबरट होतात. दादाचं कसं होईल म्हणून घाबरलात, लोकांना घाबरलात, आणि त्याची सगळी किंमत मला एकटीला भरायला लावलीत.

आज सकाळी मी दादाला फोन केला. म्हटलं, "सांग." तो म्हणाला, "पक्कं?" मी म्हटलं, "पक्कं. अन् तुयी थे काठी बाजूला ठेव, मायी मी सुरू करीन." उद्या कोणती साडी नेसायची तेही ठरलंय. तुमचं नाव खराब झालं तर होऊ दे, किंवा होणार नाही, लोक उलट म्हणतील, मुलीला काय शिकवलं होतं हो मास्तरांनी. तसं म्हटलं तर मला आणखीच राग येईल.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते. दादाशी बोलून फोन ठेवला आणि कागद पुढे ओढला तो तुमची परवानगी मागायला. पहिली ओळही तशीच ठरवली होती. लिहायला लागले आणि भांडणच सुरू झालं, ती मागायची राहून गेली. आता चार पानं झालीत. आता नाही मागत.