पोटावरचा एक थर

छोंगवू,
१४ एप्रिल, मंगळवार

प्रिय रुइलानताई,

तुला नमस्कार, पोरांना पापा. तुमच्याकडे शियामेनला उकडायला लागलं असेल. इथे समुद्राचं वारं अजून बोचतं. फोन सोडून ही लिहायला का बसली, म्हणशील. फोनवर तू माझ्या आवाजावरूनच ओळखशील, आणि भिंतीपलीकडे सासूबाईंचे कान आहेतच.

मूर्ती झाली. प्रदर्शनाला पाठवायची तीच, गरोदर बाईची. डोकं नाही, हात नाहीत. मानेपासून गुडघ्यापर्यंत पांढऱ्या दगडात एकच वळण. सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणताहेत, "मुंडकं नाही, हात नाहीत, अन् म्हणे बाई! आमच्या वेळी असल्याला फुटका दगड म्हणायचे." पेइखुन हसतो आणि आईला दुसऱ्या विषयावर नेतो. पण तो दगडांचा ट्रक घेऊन ग्वांगझूला गेलाय, उद्या येईल.

सासूबाईंचं पंचांग तुला ठाऊकच आहे. गर्भाचा देव आज चुलीपाशी, उद्या दाराशी, परवा पलंगाखाली. तो जिथे बसला असेल तिथे खिळा ठोकायचा नाही, कात्री चालवायची नाही. मी म्हटलं, "आई, छोंगवूत घरोघरी हातोडा चालतो. मग इथे पोरं जन्मलीच नसती!" तर म्हणाल्या, "पोटुशी बाई हातोडा धरत नव्हती गं. बापे धरायचे."

रविवारी मूर्तीचं पोट मला फार बोलकं वाटलं, बघणाऱ्याला आधीच सगळं सांगून टाकणारं. म्हणून ग्राइंडरने एक थर उतरवला. मग आणखी एक. आता ते पोट आहे की बाईने नुसता श्वास रोखलाय, सांगता येत नाही. ताई, इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

कारण काल संध्याकाळपासून बाळ हललेलं नाही.

लिहिलं एकदाचं. डाव्या कुशीवर पडून राहिले, साखरपाणी प्यायले, पोटावर हात ठेवून हाका मारल्या. मागच्या खेपेलाही बाळ गेलं त्याआधी अशीच शांतता होती, तू इथे होतीस तेव्हा. देवबीव मी मानत नाही, पण रविवारी तो पंचांगात कुठे बसला होता हे विचारायची माझी हिंमत होत नाही. मघाशी तर दगडाची भुकटी झाडून गोळा करत होते, जशी काही परत लावता येणार आहे. भीती वाटते गं. दवाखान्यात गेले तर कळेल. गेले नाही तोवर काही झालेलं नाही. म्हणून तुला पत्र लिहीत बसलेय.

आत्ता सासूबाई दारात आल्या. माझं तोंड बघून एवढंच विचारलं, "कधीपासून?" मी सांगितलं. वाटलं, आता उद्धार होणार. पण त्यांनी खिडकीतून शेजाऱ्याला गाडी काढायला ओरडून सांगितलं आणि माझा कोट घेऊन आल्या. "देवाचं मी बघते नंतर. तू ऊठ आधी!" कोट उलटा धरलाय त्यांनी, बाही सापडत नाहीये. त्या शिव्या देत्या तर मला धीर आला असता.

पाकीट वाटेत पेटीत टाकते. भावजींना नमस्कार सांग, आम्हा दोघांचा, माझा आणि पोटातल्याचा. दोघांचा म्हणून लिहिता येतंय तोवर लिहून घेते.

तुझी,
रुइझू