सासूबाईंचे गुडघे आणि पाच लिटरचं पिंप

शनिवार, ७ एप्रिल २०१२
नवी डायरी. विषय एकच: व्हिस्की.
कारण आधी लिहून ठेवतो, म्हणजे निश्चय ढिला पडणार नाही. डिसेंबरात डॉ. चांदोरकरांनी अठरा वर्षं जुनी सिंगल माल्ट स्वतःच्या हातानं माझ्या ग्लासात ओतली आणि मी तिच्यात कोक घातला. सवयीनं. नागपूरला आम्ही सगळे तसंच प्यायचो. डॉक्टर नुसते ग्लासाकडे बघत राहिले. तेव्हापासून कॅनडातल्या या लंडन, ऑन्टारिओमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांत माझं नाव 'कोकवाला'. परवा इंडियन ग्रोसरीत एका अनोळखी माणसानंसुद्धा मला त्यावरून ओळखलं.
डॉक्टरांकडे दर शनिवारी संध्याकाळी चार जाणकारांची बैठक बसते. मला बोलावणं नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही.
निश्चय: ८ डिसेंबरला माझी पन्नाशी. त्या दिवशी डॉक्टरांना घरी केलेली बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, पाजायची. ते उठून उभे राहतील आणि म्हणतील, शनिवारी येत जा.

सोमवार, ९ एप्रिल
वाचून काढलं. सोपं आहे. मका शिजवायचा, आंबवायचा, त्याची वाफ धरायची, वाफ थंड करायची आणि आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरत ठेवायची. बावीस वर्षं सॉफ्टवेअरची क्वालिटी तपासतोय. प्रोसेस म्हटली की माझा हात कोणी धरणार नाही.
वाफेसाठी मोठा कुकर. शिट्टीच्या जागी तांब्याची नळी. बायकोला, चित्राला, डिझाइन दाखवलं. ती म्हणाली, कुकरला हात लावलास तर वरणभात विसर. यंत्राचं नंतर बघू.

शुक्रवार, १३ एप्रिल
बेसमेंटमध्ये घर तापवणाऱ्या फर्नेसमागे बादलीत मका छान फसफसतोय. चित्राला वास आला. तिनं लेकाची, राजसची, हॉकी बॅग दोनदा धुतली. मीच ती वाळत घातली. संशोधनात गुप्तता पाळावी लागते.

रविवार, १५ एप्रिल
राजसला बादली सापडली. युनिव्हर्सिटीत आहे, इंग्रजीतच बोलतो. म्हणाला, डॅड, धिस इज सो इल्लीगल. घरी बिअर, वाईन करा म्हणे, पण लायसन्सशिवाय दारू गाळता येत नाही. मी सांगितलं, मला माहीत होतं, तुझ्या लक्षात येतंय का ते बघत होतो.
बादली कंपोस्टात. हरकत नाही. खरी कला गाळण्यात नसतेच, मुरवण्यात असते. लोणचं घालणारी बाई कैरी थोडीच स्वतः पिकवते.

शनिवार, ५ मे
बॉर्डर ओलांडून अमेरिकेतल्या पोर्ट ह्युरनहून मक्याची कच्ची व्हिस्की आणली. पाण्यासारखी पांढरी. परतताना कस्टम्सला सगळं डिक्लेअर केलं. ऑफिसरनं विचारलं, एवढी कशाला. पन्नाशी म्हणालो. त्यानं आगाऊ हॅपी बर्थडे केलं. शकुन चांगला.
पिंपही आलंय. पाच लिटरचं, वर बूच, पुढे लाकडी तोटी. दुपारी चारला भरलं.
सायं. ४.१० – थोडं गळतंय.
सायं. ४.२० – सगळीकडून गळतंय. खाली परात, इडलीपात्र आणि चित्राचं केकचं भांडं.
सायं. ५.०० – माहितीपत्रक वाचलं. आधी तीन दिवस पाणी भरून लाकूड फुगवायचं असतं. असल्या गोष्टी पहिल्या ओळीत लिहायला हव्यात. (पहिल्या ओळीतच आहे. पण अक्षर बारीक.)

बुधवार, ९ मे
पाणी भरून पिंप फुगवलं, मग माल परत भरला. साडेचार लिटर वाचली. चित्राची एकच अट: जुलैत आई येतेय, तिला कळता कामा नये, माझ्या माहेरी दारू कधी उंबऱ्याच्या आत आली नाही. मी म्हणालो, बेसमेंटला उंबरा नसतोच.
नियम: आठवड्यातून एक चमचा, फक्त क्वालिटी चेकसाठी.

शनिवार, ९ जून
रंग फिक्या चहासारखा. चव टर्पेंटाइनची, पण मागे कुठेतरी व्हॅनिला. नियमात सुधारणा: चमच्यात व्हॅनिला नीट कळत नाही. यापुढे वाटी. छोटी.

शनिवार, १४ जुलै
सासूबाई आल्या. सुनंदाताई, वय त्र्याहत्तर, मुक्काम सहा महिने. वडील अचलपूरचे नावाजलेले वैद्य, त्यामुळे अर्धी बॅग सुंठ, पिंपळी, जेष्ठमध आणि लवंगांची. तीही टोरॉंटो एअरपोर्टवर एकेक पुडी उघडून डिक्लेअर केली म्हणे.
गुडघे फार दुखतात. जिना एकेक पायरी, प्रत्येक पायरीला 'आई गं'. वर उदबत्ती लावली की स्मोक अलार्म बोंबलतो, म्हणून त्यांची खोली आणि देव्हारा दोन्ही बेसमेंटमध्ये. देव्हारा आणि पिंप यांत अंतर सहा फूट. मोजलं.

सोमवार, १६ जुलै
सासूबाईंनी विचारलंच, हे काय. चित्रा हॉस्पिटलात ड्यूटीवर. मी प्रसंगावधान राखून सांगितलं, आसव आहे. द्राक्षासवासारखं. गुडघ्यांवर चालतं. अजून मुरतंय. त्यांनी पिंपाचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, जावईबापू, तुम्हाला यातलं कळतं हे चित्रानं कधी सांगितलं नाही.
डोकं चालवावं तर असं. चित्रालासुद्धा सांगितलेलं नाही.

शनिवार, १८ ऑगस्ट
काठी बुडवून मोजलं. तीनच लिटर. घाबरण्यासारखं काही नाही, याला एंजल्स शेअर म्हणतात. मुरताना व्हिस्की लाकडातून उडून जाते, ती देवदूत पितात असं समजायचं. पुस्तकात वर्षाला दोन टक्के लिहिलंय. आपल्याकडे तीन महिन्यांत तेहतीस. कॅनडाची हवाच कोरडी. (माझ्या वाट्या यात धरलेल्या नाहीत. ती क्वालिटी.)
सासूबाईंना इथलं हवापाणी मानवलं. जिना न थांबता चढतात. व्हिटॅमिन डीच्या गोळ्या मीच सुचवल्या होत्या. संध्याकाळची आरती हल्ली दोनदा म्हणतात, दुसऱ्यांदा जरा वरच्या पट्टीत. राजस म्हणाला, आजी इज इन अ ग्रेट मूड.

शनिवार, २२ सप्टेंबर
चमत्कार! चव पालटली. आधी लवंग, मग थेट सुंठीचा झटका, शेवटी जिभेवर मधासारखी गोडी. ओकमधून मसाल्याची चव उतरते हे वाचलं होतं, पण इतकी उतरेल असं वाटलं नव्हतं. इंटरनेटवरच्या फोरमवर लिहिलं. बर्बनचं माहेर असलेल्या केंटकीच्या एका जुन्याजाणत्यानं विचारलं, हे कसं साधलंत. मी एकच शब्द लिहिला: पेशन्स.
आनंदात दोन वाट्या.

बुधवार, २४ ऑक्टोबर, दसरा
सासूबाईंनी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. फर्नेस, स्नोब्लोअर, राजसचा लॅपटॉप. पिंपालाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. इतर यंत्रांपेक्षा पिंपासमोर जास्त वेळ हात जोडून उभ्या होत्या.
संध्याकाळी डॉक्टर आणि मंडळी कागदाची आपट्याची पानं घेऊन आले. मी पन्नाशीचं आमंत्रण दिलं आणि, सासूबाई खाली आरतीला गेल्यावर, चारचौघांत सांगून टाकलं, घरची बर्बन पाजणार. डॉक्टर म्हणाले, अमेरिकेबाहेर केली तर तिला बर्बन म्हणता येत नाही. मी म्हणालो, आधी चाखा, मग नाव ठेवा. ते म्हणाले, येतो, कोक बाहेर काढू नकोस. सगळे हसले.
हसा. ८ डिसेंबरला बघू.

शनिवार, १ डिसेंबर
लेबलं आली, माझ्या नावाची. 'शैलेंद्र रिझर्व्ह', सोनेरी अक्षरांत. पन्नासच्या खाली छापून देत नव्हते.
काठी बुडवली, कोरडीच बाहेर आली. काठी आखूड असणार.

रविवार, ९ डिसेंबर
शांतपणे लिहितो.
काल चौदा माणसं होती. सासूबाईंना आसवाचं उद्घाटन आहे असं सांगितलं होतं. पिंप दिवाणखान्यात आणलं, हळदकुंकू पुसायचं राहिलं. मी सात मिनिटं बोललो. मका, ओक, काळ, संयम. मग डॉक्टरांचा ग्लास तोटीखाली धरला.
दीड वाटी आली. मग थेंब. मग काहीच नाही.
राजसनं मदत म्हणून वरचं बूच काढून पिंप तिरकं केलं. ग्लासात चार लवंगा पडल्या आणि त्यांच्यामागून जेष्ठमधाची काडी. कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. 
डॉक्टरांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, यात पिंपळी आहे का.
मागून सासूबाई म्हणाल्या, आहे. सुंठ आणि मधही आहे. जावईबापूंचं आसव कच्चं होतं, म्हणून सप्टेंबरात बूच काढून मीच घातलं. रोज आरतीनंतर दोन चमचे. थंडी वाढल्यापासून चार. त्यानंच तर गुडघे सुटले.
चित्रा माझ्याकडे बघत होती. आता लपवून उपयोग नव्हता. मी म्हणालो, आई, ते आसव नाही हो, दारू आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, वैद्याची मुलगी आहे, पहिल्याच चमच्याला कळलं. आसवात ती असतेच. जावई आपल्या गुडघ्यांसाठी एवढी खटपट करतोय, त्याला कशाला लाजवायचं.
त्या एका वाक्यानं मला खरंच लाज वाटली. गुडघे मी फक्त थाप मारायला वापरले होते.
डॉक्टरांनी ग्लास रिकामा केला. मग ते उठून उभे राहिले. एप्रिलपासून ज्याची वाट पाहिली तेच वाक्य त्यांनी शब्दाशब्दानं म्हटलं: शनिवारी येत जा.
सासूबाईंना म्हटलं.

शनिवार, १५ डिसेंबर
सकाळपासून बर्फ. दोनदा शोव्हल केलं. अशा हवेत सासूबाईंना एकटं कसं पाठवणार? मी सोडायला गेलो. डॉक्टर म्हणाले, आलाच आहेस तर बस.
अखेर बैठकीत खुर्ची मिळाली. दाराजवळची, पण मिळाली. डॉक्टरांनी तीच अठरा वर्षांची बाटली उघडली आणि सगळ्यांना ओतली. सासूबाईंना दोन चमचे, मोजून, कोमट पाण्यातून.
गाडी मी चालवणार होतो. मला कोक दिला.