राखून ठेवलेलं पेट्रोल

बाबा, नातवाने परवा विजेवर चालणारी गाडी आणली आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून हलत नाही. पोरगा अंगणात वायर जोडतो आणि येईल त्याला हिशेब ऐकवतो. मलाही ऐकवला, "आजी, पेट्रोलच्या मानानं ही फुकटातच पडते." मी विचारलं, "भरायले वेळ किती लागते?" तो हसला, "वेळाचं काय घेऊन बसली? लावून द्यायची अन् इसरून जायची." मी म्हटलं, "अन् तेवढ्यात कोणाले दवाखान्यात न्या लागलं तं?" म्हातारीने नव्या गाडीला दृष्ट लावली, असं सुनेला वाटलं असणार. वाटू दे बापडीला.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर आलं तेव्हा तुमच्या मालकाने हाच हिशेब मांडला होता. आपल्या सोनाळ्याहून संग्रामपूरवरून तालुक्याच्या जळगावला जाणारी ती सर्व्हिस मोटार तुम्ही चालवायचात, तिच्या पाठीला त्याने कोळशाची भट्टी बसवली. "पेट्रोल म्हंजे तूप झालं ड्रायव्हर, कोळसा म्हंजे भाकर. सातपुड्यात पाह्यजे तेवढा!" तुम्ही एवढंच म्हणालात, "सस्ता हाये मालक, पण वेळ खाते." खरंच खायचा. भट्टी पेटवायची, बाजूचं चाक हाताने गरागरा फिरवून वारा घालायचा, कोळशाचा गॅस धरेपर्यंत उतारूंचा दोनदा चहा व्हायचा, मग कुठे मोटार खोकत निघायची. चढ आला की उतारूच खाली उतरून ढकलायचे. धुराने तुमचे डोळे बारमाही लाल. म्हणून तुम्ही गोठ्याच्या कोपऱ्यात एक डबा पेट्रोल अडीअडचणीसाठी राखून ठेवलं होतं. ते ओतलं की भट्टीची वाट न पाहता मोटार लगेच सुरू व्हायची. त्या डब्याला हात लावायचा नाही, एवढी एकच ताकीद तुम्ही मला कधी दिली असेल.

त्या साली आत्या, तुमची धाकटी बहीण, पहिल्या बाळंतपणासाठी आपल्याकडे आली. सातव्या महिन्यात ओटी भरायची ठरली. तुमच्याकडे बरा म्हणावा असा तो एकच खाकी कोट, आणि तोही काजळी आणि वंगणाने माखलेला. मी दहा वर्षांची. माझ्या परकराला वंगण लागलं होतं तेव्हा पेट्रोलमध्ये चिंधी बुडवून तुम्हीच डाग काढून दाखवला होता. मला वाटलं, बाबांना आश्चर्याचा धक्का देऊ. आदल्या दुपारी गोठ्यात बसून मी तो कोट पुसायला घेतला. चिंधी बुडवायची, घासायचं, तेवढ्यात ती सुकायची, पुन्हा बुडवायची. कॉलर झाली, बाह्या झाल्या, पाठ झाली. कोट लख्ख निघाला तेव्हा डब्याचा तळ दिसत होता. मी झाकण लावून डबा होता तिथे ठेवून दिला आणि कोट वळचणीला टांगला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तो घालून आलात. आत्या म्हणाली, "दादा, नवरदेवच दिसून राह्यला आज!" तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात, "माह्या पोट्टीनं धुतला." मी केवढी फुगले होते! जेवणं उरकली आणि आत्याला रक्त जायला लागलं. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "माह्या हातचं नाई हे. जळगावले न्या लवकर." तुम्ही गोठ्याकडे धावलात, मी मागोमाग. तुम्ही जोर लावून डबा उचलता आणि तुमचा हात एकदम वर जातो. अजूनही मला तो हात तसा वर गेलेला दिसतो. तुम्ही डब्याकडे पाहता, मग बाही नाकाशी नेता, मग माझ्याकडे पाहता. मामंजी, आत्याचे यजमान, दारातून ओरडतात, "काऊन थांबले?" तुम्ही म्हणता, "माह्याकडूनच झाकण ढिलं राह्यलं. सारं उडून गेलं." आणि मला हलकेच म्हणता, "चाल पोरी, कोळसा आण."

मी चाक फिरवलं, बाबा. हात भरून आले तरी सोडलं नाही. आत्या मागच्या बाकावर पडली होती, हातात नवा हिरवा चुडा. मोटार निघाली तेव्हा उन्हं कलली होती. संग्रामपूरच्या अलीकडेच आत्या गेली.

मामंजींनी पुन्हा आपल्या घरचं पाणी घेतलं नाही. ज्याला त्याला सांगत राहिले, ड्रायव्हर असून साधं झाकण लावता आलं नाही. तुम्ही खाली मान घालून ऐकत आलात. मला मात्र तुम्ही कधी एका शब्दाने विचारलं नाहीत. तो कोट पुन्हा घातला नाहीत आणि टाकलाही नाहीत. रागावला असतात, एक थोबाडीत दिली असतीत, तर मी सुटले असते असं मला कितीदा वाटलं.

नातू म्हणतो, चल, तुला सोनाळ्याला फिरवून आणतो. त्याच्या गाडीला ना आवाज, ना वास. तरी तिचं दार उघडलं की मला पेट्रोलचा वास येतो आणि मी गुडघ्यांचं निमित्त सांगून घरात येते.

हे पत्र कोणाच्या हाती द्यायचं नाही, माझ्याच गादीखाली राहील. डबा मी रिकामा केला हे तुम्हाला ठाऊकच होतं, ते सांगायला मी बसले नाही. तुम्ही "माह्याकडूनच" म्हणालात ना, तेव्हा मी वाचले, असं वाटून मला बरं वाटलं होतं. आणि आत्या तेव्हा घरात जिवंत होती, बाबा. पाणी मागत होती.