साडूवर उपाय: माउथ ऑर्गन

२ फेब्रुवारी
काल सासऱ्यांकडे जेवण. जेवणानंतर साडू गायला. लागोपाठ तीन गाणी! सासरे डोळे मिटून डोलत होते. मग मी नुसता घसा खाकरला, तर म्हणाले, जावईबापू, तुम्ही राहू द्या. सगळे खो खो हसले. बायकोसुद्धा.
याचं उट्टं काढणार. २२ मार्चला सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. भर घरात साडूला पाणी पाजतो.

४ फेब्रुवारी
शस्त्र आणलं. माउथ ऑर्गन, ट्रेमोलो. साध्याला भोकांची एकच ओळ असते, याला दोन. साडूला पुरून उरेल.

५ फेब्रुवारी
सराव नाही. डबीवरची माहिती वाचली. थिअरी पक्की हवी.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
वाजवला. आवाज थरथरतो! तडक दुकानात. दुकानदार म्हणाला, प्रत्येक सुराला आत वर-खाली दोन पितळी पट्ट्या असतात, एक मुद्दाम किंचित चढी ठेवतात, म्हणून तो थरथरतो, त्यातच गोडवा आहे. मी म्हटलं, मला सरळ आवाज हवाय. तो हसला. साडूनंतर याचा नंबर.

१० फेब्रुवारी
बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. दुकानदार आता तिसरा.

१४ फेब्रुवारी
तोडगा! खालच्या ओळीवर चिकटपट्टी मारली. थरथर बंद. कंपनीच्या एवढ्या इंजिनिअरांना जे सुचलं नाही ते मला एका चहात सुचलं.

२७ फेब्रुवारी
थुंकीनं चिकटपट्टी सुटते. आज मिशीला चिकटली. ओढली. अर्धी मिशी गेली. ऑफिसात कारण विचारलं, फॅशन म्हटलं. हेही साडूच्याच खात्यावर.
आता खालच्या ओळीत गोंद ओतला. हात आखडता घेतला नाही.

८ मार्च
गोंद वाळतोय, त्यामुळे सराव मनातल्या मनात. साडू माझे पाय धरतो, मी माफ करत नाही, एवढा भाग अगदी बसलाय.

२१ मार्च
कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कलाकारानं विश्रांती घ्यावी. घेतली.

२२ मार्च, घरी परतल्यावर
सगळ्यांना गप्प केलं. फुंकला. काही नाही. गोंद वरच्या ओळीतही शिरलेला. एकच भोक जिवंत, तेही फुंकलं तरच. मग तेच वाजवलं. लांबलचक.
तेवढ्यात साडू ओरडला, अरे, हीच माझी पट्टी, सोडू नकोस! आणि गायला लागला. त्याला मध्येच तोंडघशी पाडावं म्हणून मी थांबलो, तर सासऱ्यांनी डोळे वटारले. फुंकत राहिलो. डोळ्यांपुढे काजवे चमकले. टाळ्या त्याला.
असो. आता तो माझ्याशिवाय गाऊ शकत नाही. दोरी माझ्या हातात आलीय. पुढच्या वेळी ऐन रंगात आल्यावर सोडेन.

२३ मार्च
सकाळीच सासऱ्यांचा फोन. लगेच या म्हणाले. कौतुकासाठी असणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला.
साडूही होता. सासरे म्हणाले, काल कळलं, याला मागे एक सूर धरणारं कुणीतरी हवंच. मी मान लववली. मग म्हणाले, मोबाईलवर तसलं ॲप मिळतं, फुकट, आणि त्याला धापही लागत नाही.
साडूला ते डाउनलोड करता येत नव्हतं. मी करून दिलं.