गडग्यावरचा आवाज

पुणे, ४ नोव्हेंबर २०२४

ती. भास्करकाकांना भार्गवीचा शिरसाष्टांग नमस्कार.

शस्त्रक्रियेपर्यंत डॉक्टरांनी तुम्हाला दिवसाला दहाच मिनिटं बोलायला दिली आहेत. ती फोनवर माझ्यापायी जाऊ नयेत म्हणून हे पत्र. स्वरयंत्र काढल्यावर तुमच्याच आवाजात बोलणारी डबी करून द्यायचं मी कबूल केलं, आणि घोडं तिथेच अडलं आहे.

आमची रीत अशी. आवाज जाड-बारीक चाळण्यांतून गाळायचा, आणि पुढे काय येणार याचा अंदाज जिथे चुकतो तेवढ्याच जागा ठेवायच्या. बाकीचं डबी स्वतः भरून काढते, म्हणून अख्खा आवाज खिशात मावतो. पण तुम्ही पाठवलंत धड्याचं वाचन, तेही शाळातपासनीस मागे उभा असल्यासारखं! त्यात अंदाज चुकेल तर शपथ, म्हणजे तुमचं असं काही उरलंच नाही. डबी फोनवर ऐकवली तेव्हा आनंदीकाकूंनी मला विचारलं, की हे गृहस्थ कोण म्हणून.

तेव्हा काका, कृपा करून भांडा. शेजारच्या रावजींशी हद्दीच्या दगडी गडग्यावरून भांडता तसं. शस्त्रक्रियेला दहाच दिवस उरलेत आणि मला भीती वाटते आहे. लोभ आहेच, थोडा राग मिसळून पाठवावा.

तुमची भार्गवी


रत्नागिरी, ८ नोव्हेंबर

चि. भार्गवीस अनेक आशीर्वाद.

छत्तीस वर्षं पोरांचे उच्चार घासले, आणि पुतणी म्हणते घासलेलं नको. बरं.

काल मोबाइल सदऱ्याच्या खिशात रेकॉर्डिंगला लावून आंब्याच्या कलमांच्या हद्दीवरच्या गडग्याशी गेलो. रावजी पलीकडे गवत काढत होता. बावीस वर्षांत त्याने माझं एक वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. मी म्हटलं, की चिरे हातभर माझ्याकडे सरकवलेस. तर हा विळा खाली ठेवून म्हणतो, की मास्तर, गडगा तुमचाच, हवा तिथे लावून घ्या. माझ्या घशाचं त्याच्या कानावर गेलं असणार.

इतका संताप मला जन्मात आला नव्हता. माझी कीव करतो म्हणजे काय! दहाची पंचवीस मिनिटं झाली. त्याच्या आज्यापासून फणसापर्यंत काही सोडलं नाही. शेवटी आवाज फाटला आणि मी रडलो. तेवढं काकूला ऐकवू नकोस. आशीर्वाद मात्र चाळत बसू नकोस, सगळेच ठेव.

भास्करकाका


रत्नागिरी, ९ डिसेंबर

चि. भार्गवीस काकूचे आशीर्वाद.

ह्यांची जखम भरते आहे. डबी येऊन चार दिवस झाले तरी हात लावत नव्हते. आज सकाळी पडवीत बसून काहीतरी टाइप केलं आणि बटण दाबलं. रावजींना हाक होती, आणि लागलीच चिरे सरकवल्याचा आरोप. मी चुलीपाशी होते, तिथूनच ओळखलं ग. हेच होते.

रावजी बागेतून वाक्य पुरं होऊ न देता ओरडत आले, की एक चिरा हलवणार नाही. गडग्यापर्यंत आले, ह्यांच्या गळ्याची पट्टी दिसली आणि एकदम गप्प झाले. डोळे पुसू लागले.

ह्यांनी परत घाईघाईने टाइप केलं. डबीने रावजींना दरडावून विचारलं, की थांबलास का.

बाकी पुढच्या पत्री लिहीन, कारण बाहेर अजून भांडण चालू आहे आणि मला ऐकायचं आहे.

तुझी काकू आनंदी