परत फिरलेलं अक्षर

८ सप्टेंबर
एकदाचं घोडं गंगेत न्हालं! शेंद्र्याच्या लसशाळेत नोकरी, करमाडला खोली. मंजुषा मॅडम साहेब असूनही हसतात. चहा मात्र साखरेचं पाणी. माझं काम गोचीडतापाच्या विषाणूची जनुकीय अक्षरं वाचायचं. पेशींमध्ये चाळीस पिढ्या वाढवून मॅडमनी हा वाण मवाळ केलाय. बदल बरेच झाले, पण त्याचं विष उतरलं ते एका अक्षरामुळं. ते अक्षर टिकलं की लस झाली.

२१ सप्टेंबर
सोयगावहून मायचा फोन. डोंगराकडं शेळ्या चारणारे दोघं गोचीडतापानं गेले. दादाही तिकडंच जातात. माझे वडील कुणाचं ऐकतील तर शपथ. मॅडम म्हणाल्या, लस माणसांना द्यायला अजून दोन वर्षं. तोवर दादांनी काय झाडावर बसून शेळ्या राखायच्या?

२८ सप्टेंबर
चोरी केली. लसीची एक कुपी, थर्मासात बर्फ, एसटीनं सोयगाव. दादांनी हसत दंड पुढं केला. मग गावभर सांगत सुटले, की पोरीनं बनवलेली सुई घेतली. आज मी फार खूश आहे.

४ ऑक्टोबर
दादांना ताप. हिरड्यांतून रक्त. माय म्हणते, गोचीड चावली असंल. मी अंगभर शोधलं. खूण कुठंच नाही. फक्त दंडावर, सुईची.

७ ऑक्टोबर
दादा गेले. त्यांच्या रक्ताची नळी घेऊन निघाले. रडू येत नाही.

९ ऑक्टोबर
वाचलं. दादांच्या रक्तात रानातला विषाणू असता तर आमच्या वाणाच्या खुणा दिसल्या नसत्या. सगळ्या आहेत, चाळीस पिढ्यांच्या. फक्त ते एक अक्षर मूळपदावर आलंय.
पुन्हा वाचलं. तेच. मशीनची चूक असू दे —

१० ऑक्टोबर
मॅडमना सांगितलं. त्यांनी माझा कागद ओढून वाचला. मग विचारलं, वडिलांचं रक्त कुणाच्या हाताला लागलं होतं?
माय. दादांचं तोंड पुसत होती. पदरानं —

१२ ऑक्टोबर
माय दवाखान्यात, काचेपलीकडं. ताप. हिरड्या — तसंच. डॉक्टरांना सगळं सांगितलं. तिला नाही. फोनवर म्हणाली, “मला बी दे ना तुझी सुई. तुझे दादा म्हणत व्हते, पोरीची सुई हाय, आता भ्याव नाय.”
आज तरी सांगायला हवं. माये, त्यांना गोचीड चावलीच नव्हती. तो ताप मी —