रत्नाबाई देवरे यांना काहीही न देण्याबाबत

मी, पुष्पाबाई अभिमन पाटील, वय एकोणसत्तर, धंदा लग्नकार्यात खापरावरचे मांडे करून देणे (सध्या गुडघ्यांमुळे बंद), राहणार नशिराबाद, जिल्हा जळगाव, पुढच्या आठवड्यात जळगावच्या दवाखान्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची ठरली असल्यामुळे, पूर्ण शुद्धीत, कोणाचा धाक नसताना आणि चहा पिऊन झाल्यावर हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी पुष्कळांना पुष्कळ कबूल केलं आहे, ते सगळं रद्द समजावं.

मी शुद्धीवर असल्याचा दाखला गावातल्या डॉ. हर्षिता यांनी दिला आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी सांगितला आणि उलट विचारलं, "तुम्हाला तो आधीपासून माहीत होता का? असल्यास कशावरून?" दाखला लगेच मिळाला.

कलम १. घर. माझ्या नावचं राहतं घर मुलगा योगेंद्र आणि सून सुलक्षणा यांना दोघांत मिळून. भांडण झालं तर घर सुलक्षणाचं, योगेंद्रने गच्चीवर झोपावं. अट एकच आहे. पुढच्या खोलीच्या खिडकीला पडदा लावायचा नाही. ती खिडकी समोरच्या चंद्रकांताबाईंच्या ओट्याकडे उघडते, आणि त्या ओट्यावर दर महिन्याला माझ्या विहीणबाई, म्हणजे सुलक्षणाच्या आई, रत्नाबाई रुपचंद देवरे, राहणार देवपूर, धुळे, माझ्या घराकडे पाठ करून बसतात. धुळ्याहून एस.टी.ने येतात, लेकीला निरोप धाडून ओट्यावर बोलावतात, शेवेचा डबा देतात आणि मान न वळवता परत जातात. तीन वर्षं झाली. मला आता त्यांचा चेहरा नीट आठवत नाही, पण पाठ गर्दीतही ओळखेन.

कलम २. वैराचं कारण. हे लिहून ठेवते, नाहीतर लोक समजतील मानपानावरून झालं. मानपानावरून भांडायला आम्ही काही अडाणी नाही.

चार वर्षांपूर्वी सुलक्षणाचा पाय मोडला आणि रत्नाबाई लेकीच्या सेवेला आमच्याकडे राहायला आल्या. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. पहिला आठवडा आम्ही "तुम्ही बसा", "नाही, तुम्ही बसा" यात काढला, दोघी उभ्याच. शेवटी प्लास्टरमधल्या सुलक्षणाने कंटाळून योगेंद्रचं गेमचं मशीन टीव्हीला लावलं आणि आमच्या हातात एकेक रिमोट दिला. गेमचं नाव 'पुकारा'. कोर्टाचा गेम आहे, सगळे हिंदीत बोलतात. आपण वकील. साक्षीदार बोलतो, समोर तीन प्रश्न येतात, त्यातला नेमका निवडायचा. चुकला की न्यायाधीश घड्याळ बघतात, तिसऱ्यांदा चुकला की जेवायला उठतात आणि आपला अशील तुरुंगात.

पहिल्याच खटल्यात रत्नाबाई टीव्हीतल्या साक्षीदारावर ओरडल्या, "अय भाऊ, खरं बोल ना! घरमा मायबहिनी शेतस का नही?" त्या दिवसापासून दुपारची भांडी संध्याकाळपर्यंत घासायची राहू लागली. सुलक्षणाचा पाय बरा झाला तरी आम्ही दोघींनी डॉक्टरांना आणखी प्लास्टर ठेवता येईल का म्हणून विचारलं होतं.

कलम ३. 'पुकारा'चे भाग आणि त्यांची वाटणी. मशीन सुलक्षणाला. योगेंद्रला नाही, कारण तो साक्ष न ऐकता बटण दाबून पुढे पळतो. लग्नाच्या बोलणीतही त्याने तेच केलं होतं, त्याचं नशीब की मुलगी चांगली निघाली.

पहिला भाग योगेंद्रला. त्यात नायक कमलाकर काटे नवा वकील असतो, उसना कोट घालून येतो आणि कोटाच्या खिशातल्या दुसऱ्याच्याच कागदांवर खटला जिंकतो. भाग छोटा आणि गोड आहे, योगेंद्रला झेपेल.

दुसरा भाग समोरच्या चंद्रकांताबाईंना. या भागात एक म्हैस साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते. ती मान हलवते त्यावरून खुनी कोण ते ठरतं. रत्नाबाईंचा हा सगळ्यांत आवडता भाग आणि काटे हा सगळ्यांत आवडता माणूस. "जावई असा पाहिजे," असं त्या माझ्या मुलासमोर म्हणत. ज्या ओट्याने त्यांना तीन वर्षं जागा दिली, त्या घरातच त्यांची म्हैस राहू दे.

तिसरा भाग माझे वकील भूषणभाऊ यांना, म्हणजे त्यांना थोडा कायदा कळेल. चौथा भाग आमच्या गल्लीतले जुने बुजुर्ग चिंधाआबा यांना. चौथ्यात काटेला काढून त्याचा पुतण्या आणला आहे, तो कोर्टात नाचतो. या भागाबद्दल माझं आणि रत्नाबाईंचं पहिल्यापासून एकमत होतं. आबांनी तो पाटाच्या मोडक्या पायाखाली लावावा.

आबांना शिक्षा का, तर आग त्यांनीच लावली. तीन वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला माझ्याकडे पंगत बसली होती. मी खापरावर पुरणाचे मांडे टाकत होते, रत्नाबाई पहिल्या पाटावर, आणि आबांनी आमरस भुरकता भुरकता विचारलं, "का हो, तो तुम्हना गेममा कोनता भाग भारी शे?"

रत्नाबाई म्हणाल्या, "दुसरा. तिसरा म्हंजे नुसतं रडगानं शे. बठ्ठा रडतस, शेवटी जज बी रडस."

मी उलथनं हातात धरून म्हणाले, "म्हशीच्या साक्षीवर खटला जिंकतो त्याला वकील नाही, गवळी म्हणतात."

"म्हस कधी खोटं बोलस का, विहीनबाई? खोटं मानसं बोलतस." एवढं बोलून त्या उठल्या आणि माझा मांडा अर्धा ताटात टाकून धुळ्याला गेल्या. जिल्ह्यात आजवर माझा मांडा कोणी ताटात टाकलेला नाही.

कलम ४. माझं पक्कं मत. सगळ्यांत चांगला भाग तिसरा. हे मत वारसांवर बंधनकारक आहे. तिसऱ्या भागात काटेचे गुरुजी, म्हातारे वकील, ऐन सुनावणीत जागेवरच जातात. अशिलाच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही. तेव्हा समोरच्या बाजूच्या सरकारी वकील शारदा दंडवते, ज्या पहिल्या भागापासून एकही खटला जिंकलेल्या नाहीत, आपली खुर्ची सोडून पलीकडे येतात, गुरुजींची फाईल उचलतात आणि स्वतःच्याच विरुद्ध बोलून स्वतःचा खटला हरतात. दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीची साडी नेसून पुन्हा हजर. मी इतकी वर्षं ज्यांच्या लग्नात मांडे केले त्यांच्यात असं माणूस पाहिलं नाही. यावर रडलं तर रडगाणं म्हणू नये.

कलम ५. साठवण व हत्यारं. बँकेतली ठेव सुलक्षणाची. तिन्ही खापरं तिचीच. मोठं खापर मनासारखं तापायला वेळ घेतं, त्याला घाई करू नये. तिचे मांडे फाटतात हे खरं आहे, पण फाटलेला मांडाही गोडच लागतो, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, ते इथे लिहून देते.

कलम ६. साक्षीदार नेमण्यात आलेल्या अडचणी. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि दोघांनी मला सही करताना समोर बसून पाहावं लागतं, असं भूषणभाऊंनी सांगितलं. एक डॉ. हर्षिता. दुसऱ्यासाठी भाऊ म्हणाले, "अक्का, समोरच्या चंद्रकांताबाईंना बोलवू." मी म्हणाले, त्यांना तर मी दुसरा भाग दिला. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, हे मी तिसऱ्या भागात शिकले. त्यात एका साक्षीदाराला गाय मिळालेली असते आणि सगळं मृत्युपत्र कोसळतं. भूषणभाऊ म्हणाले, "अक्का, आपल्याकडे कायदा इतका सरळ नाही, आपल्याला ते लागू होईलच असं नाही." मी म्हणाले, होईलच असं नाही म्हणजे होणार नाही असंही नाही. तीन प्रश्न चुकले की न्यायाधीश जेवायला जातात.

मग त्यांनी चंद्रकांताबाईंचे मालक सोहनलालशेठ सुचवले. म्हणून सोहनलालशेठना माझी कापड मोजायची जुनी पट्टी देण्यात येत आहे. ते कापडाचे व्यापारी आहेत, त्यांना पट्टीची गरज नाही हे मला माहीत आहे. मग त्यांनी सुकदेव दूधवाला सुचवला. सुकदेवला माझी गळकी बादली. मग चिंधाआबा, त्यांना चौथा भाग आधीच दिलेला आहे. मग भाऊ घामाघूम होऊन स्वतः सही करतो म्हणाले, त्यांना तिसरा. त्यांच्या कारकुनाला छत्री. गिरणीवाल्याला चाळण. रस्त्याने जाणारा एक अनोळखी माणूस भाऊंनी हाक मारून आणला, त्याला मी नाव विचारून घेतलं आणि तांब्या लिहून दिला. तो खूश होऊन गेला.

भूषणभाऊ पेन खाली ठेवून म्हणाले, "अक्का, आता गल्लीत साक्षीला कोणी उरलं नाही."

मी म्हणाले, "नीट बघा. खिडकीतून बघा."

कलम ७. रत्नाबाई देवरे. रत्नाबाई रुपचंद देवरे यांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. खापर नाही, बादली नाही, चाळणही नाही. त्यांनी कोणत्याही वस्तूवर हक्क सांगितला तर तो फेटाळावा. आज त्या ओट्यावर बसलेल्या आहेत आणि डॉ. हर्षिता सोडल्या तर माझ्या ओळखीच्या माणसांत ज्यांना मी काही दिलेलं नाही अशा त्या एकट्याच आहेत. म्हणून साक्ष त्यांचीच चालेल. त्यासाठी त्यांना ओट्यावरून उठून, रस्ता ओलांडून, माझ्यासमोर तोंड करून बसावं लागेल. त्याला माझा इलाज नाही, कायदाच तसा आहे.

'पुकारा'चा पाचवा भाग या मृत्युपत्रात धरलेला नाही. तो कपाटात आहे, वरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. तो एकट्याने खेळता येत नाही. यात काटे परत आला आहे. एकीने आरोपीचा वकील काटे व्हायचं, दुसरीने सरकारी वकील शारदा दंडवते. सुलक्षणा खेळायला तयार आहे, पण ती माझं मन राखायला मुद्दाम हरते. अशा जिंकण्यात काही राम नाही. मला हरवायला बसणारी बाई पाहिजे. मी मेल्यावर तो भाग कोणाला द्यावा हे मी लिहिणार नाही, कारण तो मेल्यानंतर खेळायचा नाहीच. पुढच्या आठवड्याच्या आत खेळायचा आहे. मला ऑपरेशनची भीती वाटते. हे मी मुलाला सांगितलेलं नाही, सुनेला नाही, डॉक्टरला तर नाहीच. ज्या बाईजवळ सांगितलं असतं तिची मला तीन वर्षं पाठच दिसते.

मी म्हशीबद्दल बोलले ते मागे घेणार नाही. माफीही मागणार नाही. चहा मात्र ठेवलेला आहे.

कलम ८. अंमलबजावणी. कलम एक ते सात भूषणभाऊंनी पुढच्या खिडकीत उभं राहून, आवाज चढवून, ओट्यापर्यंत जाईल असं वाचावं. वाचून झाल्यावर कोर्टात शिपाई पुकारतो तसं तीन वेळा पुकारावं: रत्नाबाई रुपचंद देवरे, धुळे, हाजिर हो! त्या आल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि सही झाल्याशिवाय दवाखान्यात जाणार नाही.

लिहून देणार: पुष्पाबाई अभिमन पाटील (सही)

साक्षीदार पहिला: डॉ. हर्षिता (सही). पेशंटचं बी.पी. लिहिताना वाढलं होतं, सहीच्या वेळी उतरलेलं आढळलं.

साक्षीदार दुसरा: मी, रत्नाबाई रुपचंद देवरे, वय सदुसष्ट, लिहून देते की पुष्पाबाईंनी माझ्यासमोर सही केली, कागद मी धरला होता. मला पहिल्या पुकाऱ्यालाच ऐकू आलं होतं. तिसऱ्यापर्यंत बसून राहिले, कारण विहिणीला मान असतो. मजकूर पूर्ण ऐकला. कलम चार मला मंजूर नाही, म्हैस खरंच बोलत होती. तरी तिसऱ्या भागात समोरच्या बाजूची बाई खुर्ची सोडून पलीकडे येते तो प्रसंग बरा आहे, एवढं मान्य करते. पाचव्या भागात शारदाबाई त्यांनीच व्हावं, मी काटे होते. मला काही दिलं नाही याबद्दल तक्रार नाही. पहिला खटला आज सुरू केला, त्या हरत आल्या आहेत, आणि निकाल मी मुद्दाम थांबवून ठेवला आहे. तो ऐकायला विहीणबाईंनी दवाखान्यातून परत यायचं आहे. तोपर्यंत मी धुळ्याला जात नाही.

रत्नाबाई देवरे (सही)

ठिकाण: नशिराबाद, पुष्पाबाईंच्या घरात, खिडकीच्या आतल्या बाजूला.
तारीख: पाच फेब्रुवारी, दोन हजार पंचवीस.